चार्जर आजोबा आणि मी

मी एक जुना लढाईचा खेळ आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. खेळ म्हटलं की तुम्हाला मोबाईलवर अंगठा घासायचा पोरखेळ आठवतो. मी तसला नाही. मला खेळायचं तर उभं राहावं लागतं, घाम गाळावा लागतो. टीव्हीला जोडलेल्या डब्यात माझी तबकडी फिरते आणि माझ्या वीतभर लांबीच्या दोन पांढऱ्या काठ्या आहेत. त्यातली एक हातात धरून तुम्ही ठोसा मारलात की टीव्हीवर माझा तोशिमारू ठोसा मारतो. तुम्ही जोर केलात की तो जोर करतो आणि तुम्ही ढिले पडलात की तो मार खातो. ढिल्या माणसांची मला पहिल्यापासून चीड आहे.

माझा जन्म जपानातला. तिथे तोशिमारूची कार्टून मालिका होती. निळ्या केसांचा, चिरलेल्या भुवईचा हा पोरगा आकाशातल्या उल्का मुठीत पकडून शत्रूवर फेकतो. इकडच्या पोरांनीही ती मालिका हिंदीतून पाहिली आहे. मालिका गाजली तेव्हा एका कंपनीने मला घडवायला घेतलं. अंगभर मणी चिकटवलेले काळे कपडे घालून काही माणसं एका रिकाम्या खोलीत महिनोन्‌महिने लाथा मारत होती, कोलांट्या घेत होती. त्यांच्या सगळ्या हालचाली माझ्यात भरल्या आहेत. त्यातल्या एकाचा खांदा निखळला. त्याची किंकाळीही आम्ही वाया जाऊ दिली नाही. माझ्यातला शेवटचा शत्रू, काळा सम्राट, मरताना ओरडतो ना, तो आवाज त्याचाच आहे.

माझा सगळ्यात मोठा डाव म्हणजे उल्का. काठी जोरजोरात हलवली की पडद्याच्या कडेला शक्तीची पट्टी भरत जाते. ती काठोकाठ भरली की हात पुढे झोकायचा, मग उल्का सुटते आणि समोरचा आडवा होतो. पण पट्टी भरेपर्यंत दंडाचा पार पिट्ट्या पडतो. भल्याभल्यांचे हात तिथे गळाले आहेत.

भिंगारमध्ये मी आलो तो लष्करातल्या एका हवालदाराच्या ट्रंकेतून. त्यांची बदली झाली तेव्हा जड सामान विकायला निघालं आणि शेजारच्या वस्तीतल्या प्रशांतने टीव्हीच्या कपाटासकट मला घरी नेलं. प्रशांत एमआयडीसीत सुपरवायझर. त्याची बायको दीपा पुढच्या खोलीच्या ओट्यावर मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्यांचा मुलगा ओंकार तेव्हा पहिलीत होता. चौथे होते उत्तमराव, प्रशांतचे वडील. मूळचे कर्जतकडचे, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून उभी नोकरी केलेले आणि आता खुर्चीत बसून राहिलेले.

सुरुवातीची वर्षं काय विचारता! शाळा सुटली की गल्लीतली पोरं दारात चपला उडवून आत घुसायची. एकदा ओंकारने असा काही ठोसा मारला की तो थेट शेजारच्या पोराच्या नाकावर बसला आणि फरशीवर रक्त सांडलं. त्या दिवसापासून माझं नाव वस्तीभर झालं. उत्तमराव खुर्चीतून बघायचे. म्हणायचे, "मलाबी द्या की रं येकदा." पोरं ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. म्हाताऱ्याचा ठोसा तो काय, माशी हाकलल्यासारखा!

मग ओंकारला मोबाईल मिळाला. पोरं यायची बंद झाली. माझ्या दुसऱ्या काठीतले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळाला घातले आणि मला कपाटाच्या खालच्या खणात टाकलं, जुन्या लग्नपत्रिकांच्या शेजारी. मित्रांनो, ज्याच्या नावाने गल्ली दणाणत होती त्याच्यावर झुरळं फिरू लागली. मला फार वाईट वाटलं. रागही आला.

त्याच सुमाराला उत्तमरावांचा उजवा हात थरथरायला लागला. नगरच्या डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं आणि पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. रोज तीन वेळा घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. चुकवली तर थरथर वाढेल आणि चालता चालता पाय जागच्या जागी खिळतील, असं त्यांनी बजावलं होतं. गोळी घेतली की हात बराच शांत राहायचा. तरी जेवताना थोडं वरण सांडायचंच. ओंकार म्हणाला, "मी नाही बसणार आजोबांशेजारी, माझ्या ताटात उडतं." तेव्हापासून उत्तमरावांचं ताट खुर्चीपाशी जायला लागलं. मी खणात आणि ते खुर्चीत, असे आमचे दोघांचे दिवस चालले होते.

गेल्या मे महिन्यात ओंकारचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला. सुट्टीत करायला काही नाही म्हणून त्याने मला बाहेर काढलं. काळ्या सम्राटाला त्याने आजवर कधीच हरवलं नव्हतं. त्या दुपारीही पट्टी भरता भरता त्याचा हात गळाला. पाणी प्यायला जाताना त्याने काठी आजोबांच्या हातात कोंबली. "आजोबा, धरा जरा."

दीपा त्या दिवशी एका लग्नाला गेली होती आणि दुपारची गोळी राहून गेली होती. उत्तमरावांनी काठी धरली मात्र, पट्टी सरसर वर चढायला लागली. ते काहीच करत नव्हते. त्यांचा हातच सगळं करत होता. ओंकार परत आला तेव्हा पट्टी काठोकाठ भरलेली.

"आयला, आजोबा! तुम्ही तर चार्जरच आहात!" असं म्हणून त्याने काठी हिसकली, हात झोकला आणि काळा सम्राट कोसळला. ती किंकाळी किती दिवसांनी त्या घरात घुमली! ओंकारने आनंदाने आजोबांना मिठी मारली. उत्तमराव हसले. त्यांचा हात अजून हवेत तसाच थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी ओंकार दोन मित्रांना घेऊन आला. पण आज गोळी वेळेवर पोटात गेली होती. पट्टी अर्ध्यावर अडकली ती अडकलीच. "काय आजोबा, आज चार्जिंगच नाही तुम्हाला," ओंकार वैतागला आणि पोरं निघून गेली. उत्तमराव बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. फिटर माणूस. कुठलं यंत्र कशाने अडतं आणि कशाने चालतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी दीपाने सकाळची गोळी हातावर ठेवली आणि ती आत वळली. उत्तमरावांनी माझी दुसरी, सेल नसलेली काठी उचलली, मागचं झाकण सरकवलं, गोळी आत टाकली आणि झाकण लावून घेतलं. गोळी खुळखुळते म्हटल्यावर त्यांनी कापसाचा बोळाही आत बसवला. मित्रांनो, मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी कशाला बोलू? त्यांना नातू हवा होता, मला खेळाडू हवे होते.

आमचे दिवस परत आले. खोली पुन्हा पोरांनी भरली. पोरं आजोबांच्या हातात काठी द्यायची, पट्टी भरली की काढून घ्यायची आणि आपण लढायची. दुपारी ते जरा आडवे झाले तरी काठी हातात सरकवायची. प्रशांतने त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'भिंगारचा चार्जर, लाईट गेली तरी चालू.' नातेवाइकांनी हसण्याचे ढीगभर चेहरे पाठवले. मला विचाराल तर व्हिडिओत टीव्ही नीट दिसत नव्हता, एवढीच माझी तक्रार होती.

एकदा दीपा न राहवून म्हणाली, "अण्णा, ती पोरं तुम्हाला हसतात."

"हासू दे गं," उत्तमराव म्हणाले. "मला काय कळत न्हाई व्हय? पन आधी कोन बसत हुतं माझ्यापाशी? आता ईचारत्यात तरी, आजोबा जेवला का म्हनून."

पोरं विचारायची हे खरं आहे. जेवल्यावर हात दमलेला असायचा आणि पट्टी हळू भरायची, म्हणून विचारायची.

उत्तमरावांना शर्टाची बटणं लावता येईनात. मोरीच्या उंबऱ्याशी पाय खिळायचे ते प्रशांतने मागून ढकलल्याशिवाय उचलत नसत. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडत नाही, आणि त्यांनी ती वाढवून दिली. वाढवलेलीही माझ्याच काठीत आली. काठी भरली की ते तिच्यातल्या गोळ्या मोरीत ओतून यायचे.

गणपतीत गल्लीच्या मंडळाने लहान मुलांसाठी खेळांच्या स्पर्धा ठेवल्या. मंडळाचा माईक कायम ज्ञानेश्वर नावाच्या पोराच्या हातात असायचा. त्याने व्हिडिओ पाहिलेला होता. तो घरी येऊन म्हणाला, "काका, आजोबांना स्टेजवर आना की. लई धमाल यील. पब्लिक येडी हुईल." प्रशांत हो म्हणाला. उत्तमरावांना कोणी विचारलं नाही, पण ते दोन दिवस आधीपासून दाढी करून बसले होते.

त्या संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मला मोठ्या पडद्याला जोडलं होतं. एवढा मोठा मी आयुष्यात कधी दिसलो नव्हतो. "येताहेत, येताहेत, आपले चार्जर आजोबा!" ज्ञानेश्वर ओरडला. प्रशांत आणि ओंकारने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. काठी हातात दिली आणि ते दोघं बाजूला झाले. पट्टी डोळ्यांदेखत भरली. "चार्जर! चार्जर!" सगळा मंडप ओरडत होता. मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पहिली लढत त्यांनी जिंकली, दुसरीही जिंकली. त्यांच्या चेहऱ्यावरून घाम आणि लाळ दोन्ही ओघळत होती आणि ते हसत होते.

शेवटच्या लढतीत ज्ञानेश्वर म्हणाला, "आजोबा, जरा फुडं या, लोकांना दिसू द्या." उत्तमराव निघाले, पण पाय उचलेनात. तळवे फळीला चिकटल्यासारखे झाले. पट्टी तर तुडुंब भरली होती. त्यांनी हात पुढे झोकला. हाताबरोबर सगळं अंग गेलं आणि पाय मागेच राहिले. ते स्टेजच्या कडेवरून खाली तोंडघशी पडले.

उल्का मात्र सुटली होती. एवढ्या मोठ्या पडद्यावर काळा सम्राट कोसळला, त्याने ती किंकाळी फोडली आणि मी सोनेरी अक्षरांत विजय जाहीर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली पडलेला माणूस उठत नाही हे त्यांच्या जरा उशिराने लक्षात आलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. स्पर्धा मुलांची असल्यामुळे बक्षीस म्हणून दप्तर होतं. ते ओंकारने घेतलं आणि फोटोही त्याचाच निघाला.

दवाखान्यात नर्सबाई गोळी चमच्यात विरघळवून स्वतःच्या हाताने पाजायच्या. घरी आल्यावर दीपाही तसंच करायला लागली. दिवाळीपर्यंत उत्तमरावांचा हात शांत झाला. ते पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर पलंगावर पडून असायचे. भाऊबिजेच्या दुपारी ओंकार मित्रांना घेऊन आला आणि त्याने काठी त्यांच्या मुठीत दिली. पट्टी जागची हलली नाही.

उत्तमरावांना ते कळलं. त्यांनी आपणहून हात हलवायला सुरुवात केली. ओठ दाबून, मान ताठ करून ते जीव खाऊन काठी हलवत होते. कपाळावर घाम आला. पट्टी कशीबशी पाव भरली आणि पुन्हा ओसरली. "थांब रं ओंक्या, भरतीय बघ. थांब जरा."

"राहू द्या आजोबा, तुमचं काही खरं नाही आता," असं म्हणून ओंकारने काठी काढून घेतली. पोरं मैदानावर गेली. टीव्ही तसाच चालू राहिला. मी मोठ्याने विचारत होतो, 'पुन्हा लढायचं का?' उत्तमराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला त्यांचा असा संताप आला! पुन्हा मी खणात जाणार होतो, आणि तसा गेलोही.

हिवाळा गेला. चमच्यात गोळी विरघळवून दीपाही कंटाळली. शिकवण्या होत्या, परीक्षा होत्या. ती पुन्हा गोळी तोंडात टाकून पाण्याचा पेला पुढे करायला लागली. एका सकाळी उत्तमरावांनी तिला सांगितलं, "त्या खनातला खेळ काढून ठीव गं उशापाशी. पोरगं येईल एखाद्या टायमाला." तिने मला काढलं, फडक्याने पुसलं आणि ती आत गेली. मग त्यांनी गालात धरलेली गोळी बाहेर काढली. त्यांना उठता येत नव्हतं, तरी कुशीवर वळून त्यांनी दुसऱ्या काठीचं झाकण सरकवलं. गोळी ओली होती. मित्रांनो, इतका आनंद मला माझ्या कंपनीतही झाला नव्हता.

आता हात पुन्हा सुरू झाला आहे. काल तर पांघरुणही हलत होतं. ओंकार जाता जाता थबकला, त्याने मूठ बघितली आणि म्हणाला, "आजोबा, आली की चार्जिंग!" आणि तो पलंगावर त्यांना चिकटून बसला. हल्ली उत्तमरावांना घास गिळायला त्रास होतो आणि दीपा म्हणते, वय झालं. ते कोणाला काही सांगत नाहीत.

आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायची रीत आहे. छत्री म्हणते, मला वाळवून ठेवा. पुस्तक म्हणतं, माझी पानं दुमडू नका. माझंही मागणं लहानसंच आहे. मला धुळीत टाकू नका. माझी तबकडी मऊ फडक्याने पुसा. आणि सेल नसलेली ती दुसरी काठी दिसली, तर तिचं झाकण तेवढं उघडू नका. ओंकारला आजपासून उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे.