जेवणाच्या सुट्टीतला धूर

टेलरबाईंच्या गल्लीत रोज दुपारी एकला धूर सुटायचा. समोरच्या शेडमधला तारवाला जुन्या वायरींचा ढीग रचायचा, वर रॉकेल शिंपडायचा आणि काडी ओढायचा. वरचं प्लास्टिक जळलं की आतलं तांबं मोकळं. दोनच्या आत राख गार, तांबं गोणीत आणि तारवाला दारात खुर्ची टाकून दात कोरत बसलेला, जणू काही त्या गावचाच नाही.

एकलाच का? तर नगरपालिकेच्या प्रदूषण विभागाची जेवणाची सुट्टी एक ते दोन. पाहणी करायची ती ऑफिसच्या वेळेतच, असा नियम. तारवाल्याला हा नियम तोंडपाठ होता. विभागालाही तारवाल्याचं वेळापत्रक ठाऊक होतं, पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

बाईंच्या धाकटीला दमा. धूर सुटला की पोरीची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. बाई हातातला ब्लाउज तसाच मशीनवर टाकून दारं-खिडक्या लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि वाफेचा मास्क पोरीच्या तोंडावर धरून बसायच्या. डॉक्टर म्हणाले, "धूर थांबवा, नाहीतर घर बदला." घर बदला म्हणे! जसा काही सदराच बदलायचा होता.

बाईंनी तीनदा तक्रार केली. तीनही वेळा विभागाचे साहेब दोननंतर आले, जेवूनखाऊन, पोटावरून हात फिरवत. हवा हुंगली आणि विचारलं, "कुठे आहे धूर?"

"साहेब, एक वाजता या ना."

"एक वाजता आम्ही जेवतो, बाई. आम्हालाही पोट आहे."

तारवाला खुर्चीतून हसला. "वहिनींचं नाक जरा तिखट आहे, साहेब."

मग काल पोरीचे ओठ निळे पडले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठे ऑक्सिजनवर जीव थाऱ्यावर आला. सासूबाई नातीच्या उशाशी बसून म्हणाल्या, "आता तक्रारी पुरे कर गं. नशिबाचे भोग, दुसरं काय."

"नशीब कसलं, आई? साहेबांचं जेवण!" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आज त्यांनी शेडच्या मागे पडलेल्या वायरींचे तुकडे घमेल्यात भरले आणि दोन गल्ल्या पलीकडचं ऑफिस गाठलं. एक वाजून गेला होता. बाहेरच्या बाकावर माणसं ताटकळत बसली होती. आत साहेबांनी नुकताच डबा उघडला होता. बाईंनी घमेलं त्यांच्या केबिनच्या दारात ठेवलं, बाटलीतलं रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली.

काळा, कडवट लोळ थेट डब्यावर गेला. साहेब ताडकन उठले. "अहो, काय करताय! विझवा ते! विष आहे हे, माणूस मरेल!"

"कुठे आहे धूर?" बाईंनी विचारलं.

शिपायाने बादलीभर पाणी ओतलं. साहेबांनी खोकत खोकत खिडकी उघडली आणि टेबलाच्या खणातून पावतीपुस्तक ओढून काढलं. "सार्वजनिक उपद्रव! दंड भरायचा, आत्ताच्या आत्ता!"

"भरते की. पण साहेब, तुमची सुट्टी चालू आहे ना? मग माझ्यावर कारवाई होते कशी?"

बाकावरची माणसं दारात गोळा झाली होती. त्यांतला एक म्हातारा फिसकन हसला आणि त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. दोन गल्ल्या पलीकडे, छपरांच्या वर, तसाच काळा लोळ चढत होता.

"मी त्याच गल्लीतला," म्हातारा म्हणाला. "उठा, साहेब. आत्ताच जळतंय तिकडे."

"मी दोन वाजता..."

"आत्ता!" दारातून तीन-चार आवाज एकदम आले.

"अहो, माझं जेवण राहिलंय!"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा साहेबांच्या हातात दिला.

"आमच्या घरी जेवा. माझी पोर अजून दवाखान्यात आहे, तिची जागा रिकामीच आहे, तिथे बसा. खिडकी मी उघडी ठेवते."