न विचारलेलं नाव

सरहद्दीजवळच्या ऊजदा शहरात जुन्या बसथांब्यामागे बक्कायचं गॅरेज होतं. बसची इंजिनं उघडता उघडता तो म्हातारा झाला, पोरं फ्रान्सला गेली, आणि रिकाम्या गॅरेजात गल्लीतल्या रब्हाने चूल मांडली. अल्जीरियाची सरहद्द पायी ओलांडून आलेली गिनी-मालीकडची माणसं गावाबाहेर जैतुनाच्या बागांत झोपायची. त्यांच्यासाठी गल्लीतल्या बायका इथे रोज हरीऱ्याचं दाट सूप शिजवायच्या आणि शुक्रवारी रव्याचं कुसकुस करायच्या. कुणी कांदे आणायचं, कुणी हरभरे, आणि ज्यांना काही जमत नसे ते नुसते सल्ले आणायचे.

रब्हाचा तिथे एकच कायदा होता. पाहुण्याला नाव-गाव विचारायचं नाही. तिचा बाप मेंढपाळ. पठारावरच्या त्यांच्या तंबूत आलेला माणूस आपणहून बोलेपर्यंत त्याला कुणी ‘तू कोण’ म्हणत नसे. विचारलं की पाहुण्याचा घास कडू होतो, असं बाप म्हणायचा. एकदा शेजारच्या यामनाने वाढता वाढता एकाला सहज विचारलं, “कुठला रे तू?” तर रब्हा तिच्यावर केवढी उखडली.

“पोलिसात लागलीस का गं? वाढ गुमान!”

या माणसांना वाटेत ज्याने त्याने दरडावूनच विचारलेलं असायचं. इथे कुणी विचारत नाही, म्हणून ती निर्धास्त जेवायची. रब्हाला याचा अभिमान होता. अभिमान कसला, चांगला ताठाच होता.

कडाक्याच्या थंडीत एक मुलगी आली. विशीची असेल नसेल. बरोबरची माणसं पुढे निघून गेलेली, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. रब्हाने तिला बागेत परत जाऊच दिलं नाही, आपल्या घरी नेऊन आपल्याच गोधडीत झोपवलं. दुसऱ्या संध्याकाळी गॅरेजात चुलीजवळ बसलेली असताना मुलीने छातीवर हात ठेवला आणि फ्रेंचमधून काहीतरी सांगायला लागली. रब्हाला फ्रेंच येत नव्हतं. पण बक्काय शेजारीच बसला होता, त्याला चांगलं येत होतं. रब्हाला वाटलं, पोर लाजेकाजेने ओळख सांगतेय, खाल्ल्या अन्नाचा हिशेब देतेय. वाक्य पुरं होऊ न देताच तिने मुलीच्या हातात भाकर कोंबली.

“आधी खा, पोरी. ओळखी कुठे पळून चालल्यात?”

“खा बाई, खा,” बक्काय फ्रेंचमध्ये तिला म्हणाला. “हिच्यापुढे माझ्या बायकोचंही काही चाललं नाही.”

मुलगी हसली. वाडगं पुसून जेवली.

पहाटे तिचा श्वास लागला. इस्पितळात नेलं, दुपारच्या नमाजाआधी सगळं संपलं. बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “नाव काय हिचं?” रब्हाने बक्कायकडे पाहिलं, बक्कायने जमिनीकडे.

बागेत विचारलं, मशिदीत विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. रब्हाने तिला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं, कफन बांधलं. कबर खणणाऱ्याने लाकडी फळी पुढे करून काय लिहू म्हटलं, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. फळी कोरीच रोवली गेली.

“कायदा पाळलास, तुझी काय चूक?” यामना समजूत घालायला आली.

“कायदा पाळला आणि लेकरू गमावलं,” रब्हा म्हणाली. “ती आपणहून सांगत होती, यामना. बापाने असं कुठे सांगितलं होतं की पाहुणा बोलला तर त्याचं तोंड बंद कर!”

मुलीचा फोन होता. तो उघडायला तिचे आकडे लागत, आणि ते तिच्याबरोबर गेले. पण आलेला फोन घेता येईल, असं बक्काय म्हणाला. तेव्हापासून फोन चुलीशेजारी चार्जिंगला लागलेला असे. घरी जाताना रब्हा तो पदराआड धरून नेई. कुठेतरी एक आई ताटकळत असणार, तिला कळलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि फोन वाजू नये असंही तिला वाटे. दोन्ही एकदम वाटे.

शुक्रवारी बायका परातीत कुसकुस वळत बसल्या होत्या, आणि फोन वाजला.

सगळ्यांचे हात थांबले. रव्याने भरलेल्या बोटांनीच रब्हाने तो कानाला लावला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, आनंदाने फुटलेला.

“नान्तेनिन? नान्तेनिन! नान्तेनिन?”

इतके दिवस जे नाव हवं होतं ते हे होतं. आई हाक मारत होती आणि ओ द्यायला कुणी नव्हतं.

बक्कायने हात पुढे केला. “दे इकडे, रब्हाताई. मी सांगतो.”

“थांब. आधी त्यांचं नाव विचार.”

बायकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. बक्कायने फोनचा आवाज मोठा केला आणि विचारलं. म्हातारीला बाजारापुरतं फ्रेंच येत होतं. “साराता,” ती म्हणाली. “नान्तेनिनची आई. तुम्ही कोण, बाबा? माझी पोर कुठाय?” उत्तराची वाट न पाहता तीच पुढे बोलत सुटली. बक्काय ऐकत राहिला.

“काय म्हणतात त्या?” रब्हाने विचारलं.

“म्हणतायत, पोरगी खायला फार आळशी आहे. कुणी जवळ बसून भरवलं तरच खाते. तिथे कुणी जेवायला घालतं का तिला, असं विचारतायत.”

रब्हा बक्कायच्या हातातल्या फोनजवळ सरकली.

“सांग त्यांना,” ती म्हणाली. “माझ्या हातचं पोटभर जेवली, वाडगं पुसून. हे आधी सांग, बक्काय. मग बाकीचं सांग.”