डाव्या अंगाचा सेट

मुरबाडहून म्हशाकडे जाताना तेव्हा एक गोल्फ कोर्स लागायचं. ज्याला माहीत असेल त्यालाच लागायचं, बाकीच्यांना ते माळरान वाटायचं. बिल्डरच्या नकाशात तिथे नऊ होल होती आणि भोवती मुंबईकरांचे बंगले होते. त्यातलं एक होल झालं, त्यात झेंडा रोवला गेला आणि बिल्डरला दुसरीकडे काम निघालं. ते काम अजून आटोपलेलं नाही. मागे उरली झेंड्याभोवतीची हिरवळ, पत्र्याचं ऑफिस, ऑफिसात फोटोंचं एक इंग्रजी पुस्तक, एक लोखंडी स्टिक, बादलीभर चेंडू आणि रखवालदार ज्ञानेश्वर.

ज्ञानेश्वरला गावात ज्ञाना म्हणत. हिरवळीला पाणी घालणे, म्हशी हाकलणे आणि कोणी विचारलंच तर 'लवकरच चालू होणार' असं सांगणे, ही त्याची नोकरी. उरलेल्या वेळात तो खेळायचा, आणि वेळ जवळजवळ सगळाच उरायचा. खेळ तो पुस्तकातल्या फोटोंवरून शिकला. पहिल्या फोटोतल्यासारखा उभा राहायचा, दुसऱ्यातल्यासारखा कमरेत वळायचा, तिसऱ्यातल्यासारखी स्टिक खांद्यावर न्यायचा. चौथ्या फोटोत साहेब आभाळाकडे बघून हसत होता. ज्ञानाही आभाळाकडे बघून हसायचा. चेंडू तेवढा पहिल्या फोटोतच राहायचा.

पण नाद तो नाद. दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. गावात मोबाइल एकच होता आणि तो पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय लागत नव्हता, पण गोल्फ खेळणारा एक माणूस होता. पुढे दोन झाले.

दुसरी होती पलीकडच्या काळूरामची स्नेहल. ती माळाच्या कडेला गवत कापायला यायची. एक दिवस विळा कमरेला खोचून ती त्याचा खेळ बघत उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "कोणी मेलं का रे त्या चेंडूचं? जागचा हलत नाय तो."

"तू मारून बघ गो मग."

तिने स्टिक डाव्या हातात घेतली आणि चेंडूच्या उलट्या बाजूला उभी राहिली. स्टिक उजव्या माणसाची, त्यामुळे तिला स्टिकेच्या पाठीने मारावं लागलं. चेंडू बांध ओलांडून आंब्याखाली बसलेल्या रेड्याला लागला. रेडा उठून घरी गेला.

ज्ञानाने मग तिला नियम समजावले. ठरल्यापेक्षा एक फटका जास्त लागला की बोगी, दोन जास्त लागले की डबल बोगी.

"तुझी तर मालगाडी झाली रे," स्नेहल म्हणाली.

ज्ञाना गोल्फच्या मागे वेडा झालाय हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो आणखी कशाच्या मागे वेडा झालाय हे कोणाला माहीत नव्हतं. स्नेहलला मात्र ते कळलंच असणार, असं तो परस्पर धरून चालला होता.

तिचं डावरं असणं ही काळूरामच्या घरातली झाकून ठेवायची गोष्ट होती. एक स्थळ चहाचा कप डाव्या हाताने पुढे आला म्हणून परत गेलं होतं. दुसरं तर दारातही आलं नाही. 'पोरगी चांगली हाय, पण देवाला फूल काय डाव्या हातानं वाहायची?' एवढा निरोप आला. तेव्हापासून स्नेहलच्या आईने, सकुबाईने, घरात उजव्या हाताचा कायदा लावला. डावा हात ओढणीखाली. माळावर हा कायदा पोचत नव्हता. तिथे स्नेहल डाव्या हाताने खेळायची, डाव्या हाताने चिंचा खायची आणि डाव्याच हाताने ज्ञानाला बुक्की मारायची. ज्ञानाने त्याचा एक अर्थ काढला होता. तो अर्थ त्याला फार आवडला होता.

म्हणून त्याने बेत केला. डाव्या माणसाच्या स्टिका आणायच्या, तिच्या हातात द्यायच्या आणि त्याच दमात लग्नाचं विचारायचं. विचारायचं वाक्य त्याने म्हशींना म्हणून दाखवलं होतं. म्हशींची काही हरकत दिसली नाही.

कल्याणला खेळांच्या दुकानात त्याने चौकशी केली. दुकानदाराने डाव्या हाताचा क्रिकेटचा ग्लोव्ह दाखवला आणि यात समाधान मानायला सांगितलं. ज्ञाना परत आला. हिवाळ्यात म्हशाची जत्रा भरली आणि बैलबाजारात, एका खिल्लारी जोडीच्या शेजारी, दावणीला बांधलेली एक लांबोडकी चामडी पिशवी त्याला दिसली. तिच्यातून स्टिका डोकावत होत्या.

बैलवाल्याला ती एका बंगल्याच्या बागेत शेणखत टाकण्याच्या बदल्यात मिळाली होती. तिचं काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बाजारात आणलेली वस्तू विकता आली नाही तर तो व्यापारी कसला?

"दात बघून घे," तो म्हणाला.

ज्ञानाने एकेका स्टिकेच्या तोंडावरचे चरे बघितले. अजून धार होती. मग त्याने एक स्टिक हातात धरून जमिनीवर टेकवली. तोंड उलट्या बाजूला होतं.

"ही डाव्या हाताची हाय," त्याच्या तोंडून निघून गेलं.

व्यापारी एवढ्याने बिचकणारा नव्हता. "म्हणून तर बांधलीय ना वेगळी. डाव्या अंगाला चालणारा बैल उजवीकडं जुंपला तर चालंल का? ज्याला डाव्या अंगाचा पायजे तोच येतो, आन् सोडून जात नाय."

सौदा बाजाराच्या रीतीने झाला. व्यापाऱ्याने हातावर टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली ज्ञानाची बोटं दाबली. कोणतं बोट म्हणजे किती, हे ज्ञानाला येत नव्हतं. तो स्नेहलचा विचार करत व्यापाऱ्याचा हात धरून उभा राहिला.

"सोड रे," शेवटी व्यापारी म्हणाला. "तुझ्या मनासारखं झालं. हात काय घरी नेतोस?"

मोटारसायकलसाठी बाजूला टाकलेलं सगळं तिथेच संपलं. एसटीत कंडक्टरने विचारलं, हे काय? ज्ञाना म्हणाला, अवजारं. कशाची? ज्ञानाने जरा विचार केला आणि म्हणाला, लग्नाची. कंडक्टरने त्याला बँडवाला समजून मागची सीट दिली.

स्टँडवरून तो घरी गेलाच नाही. पिशवी पाठीला लावून सरळ काळूरामच्या अंगणात शिरला. कुंपणाशी एक जीप उभी होती, ती त्याने बघितली, पण तिचा विचार केला नाही. त्या दिवशी विचार करायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती. अंगणातूनच तो ओरडला, "स्नेहल! मिळाल्या गो! डाव्या हाताच्या! अख्खा सेट हाय डावरा!"

ओटीवर चटई अंथरली होती. चटईवर चार पाहुणे पोहे खात होते. त्यांचे घास हातातच राहिले.

पाहुणे वाशिंदचे. मुलगा जगन, तिथल्या कंपनीत कामाला. बघायला खरं तर दुसऱ्या दिवशी यायचे होते, पण जत्रेला आलोच आहोत तर आजच उरकू, म्हणून वाट वाकडी करून आले होते. दुसऱ्या दिवशीचा हा कार्यक्रम स्नेहलला आठवडाभर माहीत होता. ज्ञानाला ती त्यातलं काही बोलली नव्हती.

मुलाचा मामा जाडजूड होता आणि प्रश्न विचारायलाच त्याला आणलेलं होतं. त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. "डावरा सेट? कोण डावरं हाय हितं?"

काळूराम खांबाकडे बघत राहिला. सकुबाईने दाराची चौकट धरली.

"नाय, आमी पण ऐकलंय काय तरी," मामा पुढे म्हणाला. "या घरात कोण तरी डावरं हाय म्हणून. म्हटलं, समक्ष बघू."

तेवढ्यात आतून स्नेहल आली. तिच्या उजव्या हातात चहाचा ट्रे होता, एकाच हातात, भरलेल्या कपांसकट. तो किंचितही हलत नव्हता. ज्ञाना त्या ट्रेकडे बघत राहिला. माळावर तिला उजव्या हाताने साधा चेंडू उचलता यायचा नाही. हा हात इतका सरळ व्हायला किती महिने गेले असतील! ते सगळे महिने ती त्याच्यासमोर हसत-खेळत होती, आणि घरी जाऊन दुसऱ्या कोणाच्या तरी चहासाठी हा हात तयार करत होती.

तिने ट्रे मामासमोर ठेवला आणि कपाळावरची बटही न हलवता म्हणाली, "हा ज्ञाना. आमच्या शेजारचा. डावरा हाय तो लहानपणापासून. हितंच असतो दिवसभर, म्हणून लोकं म्हणतात, काळूरामच्या घरात डावरं हाय."

ज्ञानाने अजून लग्नाचं विचारलंही नव्हतं. उत्तर आलंसुद्धा.

एक वाक्य पुरलं असतं. 'मी नाय, हीच डावरी,' एवढं म्हटलं असतं तर जीप रिकामी परत गेली असती. स्नेहल पुन्हा माळावर आली असती की नसती, कोणास ठाऊक. त्याने तिच्याकडे बघितलं. ती कपांकडे बघत होती. तिला ते स्थळ हवं होतं. इतकं स्पष्ट तर पुस्तकातल्या फोटोंतही काही नव्हतं.

"व्हय," ज्ञाना म्हणाला. "मीच तो डावरा."

"असं होय!" मामा खूश झाला. "लोकं पण काय, कोणाचं कोणाला लावतील. पण ही अवजारं कसली? जरा चालवून दाखव की आमाला."

त्याने नाही-नाही म्हणून बघितलं. अख्खी ओटी अंगणात उतरली. सकुबाईने कोंबड्या आत घेतल्या. ज्ञानाने स्टिक काढली, चेंडू ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या उलट्या बाजूला उभा राहिला. पहिला फटका हवेत गेला. दुसरा जमिनीत. जगन तोंडावर हात ठेवून हसला. तसा सभ्य मुलगा होता.

"जन्माचा डावरा ना रे तू?" मामाचे डोळे बारीक झाले.

तिसऱ्या फटक्याला काय झालं ते ज्ञानालाही कधी नीट सांगता आलं नाही. टक् असा एक गोड आवाज झाला. चेंडू पेंढ्याच्या उडवीवरून, जांभळावरून, सरळ रेषेत, एखाद्या शहाण्या पाखरासारखा माळाकडे गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. ज्ञानाने केली नाही. तो तिच्याकडे बघत होता. तिचा डावा हात ओढणीखालून बाहेर आला होता आणि नसलेल्या स्टिकेवर मिटला होता. सगळ्यांच्या माना खाली यायच्या आत तो परत ओढणीखाली गेला.

"डावराच हाय बाबा," मामाने निकाल दिला. "हे उजव्याचं काम नाय."

त्याच बैठकीत साखर वाटली गेली. ज्ञानालाही मिळाली. त्याने डावा तळहात पुढे केला.

लग्न वैशाखात ठरलं. तोवर ज्ञानाला डावरंच राहणं भाग होतं, कारण वाशिंदची माणसं मुरबाडच्या बाजारात कधी समोर येतील याचा नेम नव्हता. तो डाव्या हाताने जेवला, डाव्या हाताने दाढी केली आणि कापून घेतलं. त्याच्या आईला वाटलं, पोराच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ती रोज संध्याकाळी त्याच्या धडधाकट उजव्या हाताला तेल चोळायची आणि रडायची. ज्ञाना चोळू द्यायचा. त्यालाही कोणी तरी रडायला हवंच होतं.

माळावर तो एकटा त्या सेटने खेळायचा. चेंडू आता चौथ्या फोटोसारखा वर जायचा, झेंड्याजवळ पडायचा, एकदा तर सरळ होलात गेला. असं एका फटक्यात गेलं की साहेब लोक एकमेकांना मिठ्या मारतात, असं पुस्तकात होतं. ज्ञानाने इकडेतिकडे बघितलं. एक म्हैस होती.

लग्नाला तो गेला. मांडवात त्याला मामाने लांबूनच ओळखलं, "अरे, आमचा डावरा!" म्हणून हाक मारली आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवून घेतलं. ज्ञानाने डाव्या हाताने भात कालवला. वरण कोपरापर्यंत आलं.

मग नवरा-नवरी जिलबी वाढायला निघाली. जगन पुढे, त्याच्यामागे स्नेहल. ज्ञानाच्या पानाशी ती वाकली. उजव्या हाताने जिलबी ठेवली, पाकाचा थेंबही न सांडता. मग त्याच्या डाव्या हाताकडे, भाताने माखलेल्या बोटांकडे ती बघत राहिली.

"पहिलं पहिलं जड जातं," ती हळूच म्हणाली. "मग होते सवय."

जगन चार पानं पुढे गेला होता. तीही गेली.

"काय म्हणाली रे?" मामाने विचारलं.

"जिलबी घे म्हणाली."

"मग घे की," मामा म्हणाला. "डोळ्यातनं पाणी काढायला ती काय मिरची हाय?"