पडद्यावरचे सर्जन

कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून सुनेत्राला आठ वर्षं झाली होती, पण एकाही डॉक्टरला तिने कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. २००९ साली तिला नव्या ट्रेनिंगला पाठवलं, ते नेमकं तेवढ्यासाठीच.

टेबलावर रबरी पेशंट होता. बाकीची टीम समोरच्या पडद्यावर: कॉम्प्युटरने काढलेले, माणसाएवढे सर्जन डॉ. हॅरिस आणि भूल देणारी एक बाई. दोघं पापण्या मिचकावत होते, विचारलं तर उत्तरंही देत होते. सुनेत्राने दोघांना 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि त्या बाईंना नीट दिसावं म्हणून ट्रॉली बाजूला सरकवली. ट्रेनर मेगनने हसू दाबलं.

"पेशंटला द्यायचं रक्त अजून आलेलं नाही," सुनेत्रा म्हणाली.

"तोवर सुरुवात करू," हॅरिस म्हणाले.

"सॉरी, पण जरा थांबलं तर चालेल का?"

"नाही. सुरी द्या."

तिचा हात खरंच सुरीकडे गेला. मग तिने पेशंटकडे पाहिलं. मनगटावर नाव-जन्मतारखेचा पट्टासुद्धा होता. तिचं डोकं फिरलं आणि इंग्रजी कुठल्या कुठे गेलं.

"अहो, माणूस आहे तो. रक्त आल्याशिवाय सुरी मिळायची नाही. समजलं?" ती मराठीत म्हणाली.

हॅरिसांनी पापण्या मिचकावल्या. मग इंग्रजीतच म्हणाले, "बरं. थांबतो."

मेगन चक्रावली. "याला ही भाषा कळते?"

शेजारच्या खोलीतून तिशीतला एक गृहस्थ ओशाळून बाहेर आला. तो जयंत, रीडिंग शहराहून प्रोग्रॅम चालवायला आलेला. हॅरिसांचं प्रत्येक उत्तर काचेआडून तोच निवडत होता.

"सॉरी, मॅडम," तो मराठीत म्हणाला. "हॅरिसांनी तीनदा अडून बसायचं असं ठरलंय. पण मराठीतून तुमचा दम ऐकला आणि माझं बोट आपोआप 'थांबतो'वर गेलं."

"मग पुन्हा अडून बसा," सुनेत्रा म्हणाली. "आता इंग्रजीत सांगते."

हॅरिस तीनदा अडले, चौथ्यांदा जयंतने पदरचं घातलं. सुनेत्रा एकदाही 'सॉरी' म्हणाली नाही. शेवटी तिने सुऱ्यांचा ट्रे उचलून पाठीमागे ठेवला आणि वरिष्ठांना बोलवायला फोन हातात घेतला.

"रक्त आलं," मेगनने घाईने जाहीर केलं आणि 'पास' लिहिलं.

दुपारच्या बॅचमध्ये हॉस्पिटलचे खरेखुरे सर्जन डॉ. प्राइस होते. ट्रेनिंगमध्ये त्यांना नर्सची भूमिका करायची होती. सुनेत्राने सँडविच घेतलं आणि काचेआड जयंतच्या शेजारी खुर्ची ओढली.