परकोटातल्या शाळेचा मतदानाचा टेबल

मित्रांनो, मी एक जुना टेबल आहे. अहेरीकडच्या सागाचा. चंद्रपुरात परकोटाच्या आतल्या शाळेत मी आयुष्य काढलं. एरवी माझ्यावर खडू आणि मास्तरांचा डबा असे, पण निवडणूक आली की मला पुठ्ठ्याच्या आडोशात उभं करत. पूर्वी लोक शिक्के मारत, घाईत एखादा माझ्याही अंगावर बसे. मग मशीन आली. कोण कुठलं बटण दाबतो ते मी पाहत असे, सांगत मात्र नसे.

आमच्या मोहल्ल्याचा इतिहास हरण्याचा. आम्ही मतं दिली की तो उमेदवार पडलाच म्हणून समजा. बूथवार आकडे बाहेर येतात, त्यामुळे निवडून आलेल्याला आमचा राग असे. नळ कधी परकोटाच्या दरवाजाच्या आत आलाच नाही.

मागच्या लोकसभेला ठरलं, सगळ्यांनी एकालाच मत द्यायचं. त्याच्या माणसांनी नळाचा शब्द दिला होता. मोहल्ल्याचे पुढारी वामनराव यांनी माझ्यावरच पाण्याचा तांब्या ठेवला, त्यात हळद टाकली. प्रत्येकाने त्यावर हात ठेवून देवाची आण घेतली. मनकर्णाबाई तेवढी मागे राहिली. तिच्या सासऱ्याने छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून तिच्या घरात देवाची आण कोणी घेत नाही.

"बाई, हात ठेव ना. काय जाते तुह्यं?" वामनराव म्हणाले.

"आण मी घेत नाई, भाऊ. मत त्यालेच देईन म्हणलं ना."

मतदानाला ती आली, डावा हात माझ्यावर टेकला आणि ठरलेलं बटण दाबलं. नंतर वामनराव आले. त्यांनी मागे पाहिलं आणि दुसरंच दाबलं. पलीकडच्या उमेदवारालाही त्यांनी शब्द दिला होता. दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्यांची जुनी सवय.

आमचा उमेदवार जिंकला. पण आमच्या मशीनमध्ये समोरच्याला एक मत निघालं. शाळेच्या पडवीत सगळे जमले.

"आण कोणं नाई घेतली? मंग शोधता कशाले?" वामनरावच म्हणाले.

"मी त्यालेच देलं, भाऊ."

"मंग मशीन खोटी बोलून राह्यली काय?"

पाइप आला. मनकर्णाबाईचं घर शेवटचं. वामनरावांनी तिच्या आधीच्या घरापाशीच पाइपाला बूच मारायला लावलं. शेजारच्या चंदाचं बाळंतपण मनकर्णाबाईने केलं होतं, ती चंदाही तेव्हा दार लावून बसली. मला फार राग आला. पण लाकडाला तोंड नसतं, आणि असतं तरी कोणाचं मत सांगायचं नसतं.

पुढे माझा एक पाय मोडला. शाळेने मला बाहेर टाकलं. मनकर्णाबाईने मला ओढत घरी नेलं, पायाखाली वीट लावली आणि माझ्यावर हंडे मांडले. ती परकोटाच्या दरवाजाजवळच्या हातपंपावरून पाणी आणते. गुडघे गेलेत तिचे. हंडा ठेवला की डावा हात माझ्यावर टेकून दम घेते, त्या दिवशी टेकला होता तसाच. समोर वामनरावांचा नळ दिवसभर नालीत वाहतो.

मित्रांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोडक्या वस्तूला वीट लावा, ती कामाला येते. आणि पाणी जपून वापरा. दुसरा बोध माझा नाही. पंधरा ऑगस्टला वामनरावांनी शाळेत तो सांगितला. मनकर्णाबाईची नात रिना घरी येऊन तो आजीला पाठ म्हणून दाखवत होती.

मनकर्णाबाई हंडा उतरवत म्हणाली, "बरोबर सांगते तो."