एकट्याची होडी

न्हाणीघरातली टॉवेलची दांडी राहीने काढली, तेव्हा तिचे वडील, आप्पा, बाजारात गेले होते. दांडी स्टीलची, खाऱ्या पाण्यात न गंजणारी. ग्रिलवाल्याकडून तिने तिला धनुष्यासारखा बाक काढून घेतला आणि होडीच्या पुढच्या फळीवर, डोलकाठीच्या पुढ्यात आडवी ठोकली. आधी सरळच बसवून पाहिली होती, पण दांडीत ओवलेली कडी मध्येच अडे आणि शीड वेडंवाकडं ताणलं जाई. बाक आल्यावर कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन जाऊ लागली. पुढचं लहान शीड थोडं कापून, शिवून तिने त्या कडीला बांधलं. होडी वळली की वाराच शीड पलीकडे ढकलणार. दोर सुकाणूवाल्याच्या मांडीपाशी.

म्हणजे पुढे माणूस नको.

पुढचा माणूस म्हणजे राही. बोटीवरची नोकरी संपवून आल्यावर आप्पांनी मुंबईच्या एका क्लबने मोडीत काढलेली ही शर्यतीची होडी आणली, तेव्हा राही शाळेत होती. तेव्हापासून दर वळणाला तिने वाकून एक दोर सोडायचा, दुसरा ओढायचा. मागून आप्पांचा आवाज: "सोड. ओढ." घरीसुद्धा ते दाराकडे बोट करून म्हणत, "ओढ गो," म्हणजे दार लावून घे.

गोव्यात मुलांना शिडाच्या होड्या शिकवायच्या शाळेतून तिला तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. आप्पा कधी नाही म्हणाले नाहीत. "एवढी शर्यत होऊ दे, मग बघू," एवढंच. शर्यत दर वर्षी असायची. आता सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि घरात तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

भाट्याच्या खाडीवर तुळसाकाकी कालवं फोडत बसली होती. तिने होडी पाहिली.

"आप्पा, न्हाणीतली दांडी हाय ना ही? आता साबण पण ठेवा. मधल्या मधी आंघोळ होईल."

"गपचिप कालवं फोड," आप्पा म्हणाले. दांडीवर त्यांनी दोनदा हात फिरवला. "आणि तू कुठे बसणार गो?"

"मी काठावर. तुम्ही एकदा एकटे जाऊन बघा."

आप्पा गेले. ज्या होडीत ती इतकी वर्षं वाकून बसली, ती राहीने पहिल्यांदाच लांबून पाहिली. केवढीशी होती. खाडीच्या तोंडाशी होडी वळली, शीड आपोआप पलीकडे गेलं, आणि पाण्यावरून आवाज आला, "सोड!" होडीत पुढे कोणी नव्हतं. राहीची बोटं मात्र उघडली.

होडी छान चालली. आणखी दोन वळणं घेऊन आप्पा आले ते हसतच. राही गुडघाभर पाण्यात गेली आणि तिने होडीचं तोंड धरलं. ते उतरले, गुडघा दाबत काठावर चढले.

"तुळसे, बघितलंस? पोरीने स्वतःसाठी बनवलीन. माझे गुडघे गेले हे तिला कळलं. आता शर्यतीत हीच जाईल, एकटी. मी काठावरनं बघेन. या वर्षी, पुढच्या वर्षी, पाय चालतात तोवर."

राहीच्या हातात होडी तशीच राहिली. जी दांडी तिने सुटण्यासाठी ठोकली, तीच आप्पांनी तिच्या गळ्यात घातली होती, आणि तीही कौतुकाने. आता गप्प बसलं, तर आप्पांनासुद्धा होडीत बसायला नको. दर वर्षीच्या शर्यतीला ती एकटीच पुरेशी होती.

"आप्पा, मी तुमच्यासाठी केली ही. मी सोमवारी गोव्याला जातेय."

"काय? शीड फडफडतंय गो, ऐकू येत नाय."

तुळसाकाकीला ऐकू गेलं होतं. तिचा कोयता थांबला.

राहीने दोर सोडला. मोठं शीड खाली आलं, मग लहान. खाडीवर एकदम शांत झालं. ती होडी ओढत आप्पांच्या हाताच्या अंतरावर आली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली, हळू आवाजात.

 आप्पा ओल्या शिडाची घडी घालायला लागले. घडी चुकली, उलगडली, पुन्हा घातली.

"शर्यतीचं काय?"

"तुम्ही जा. आत्ता गेलात ना?"

"गुडघे..."

"वळताना बघत होते मी. काही दुखत नव्हतं."

तुळसाकाकीने खाली मान घालून पुढचं कालव उचललं. आप्पांनी काकीकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"सोमवारी सकाळी भरती हाय," ते म्हणाले. "मी पाण्यात असेन. स्टेशनवर यायला जमायचं नाय."

"नका येऊ," राही म्हणाली.

तिने होडीची एक कड धरली, त्यांनी दुसरी, आणि दोघांनी ती वाळूवर वर ओढून घेतली.