उकंडरावांना पदर आला!

वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या पुढे, डांबरी रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये दर मंगळवारी बायकांची झुंबड उडत होती. जीपा भरभरून येत होत्या. कशासाठी? तर हरीओम महाराज नावाचा एक दाढीवाला म्हणे ‘अडलेला पदर’ सोडवतो! मुलीला पाळी सुरू झाली की आपल्याकडे ‘पदर आला’ म्हणतात. तेवढ्या एका शब्दावर या लफंग्याने दुकान थाटलं होतं.

माझी सोळा वर्षांची भाची योगिनीही तिथे बसली होती, पोट आवळून. वहिनीने मला कळवलं नव्हतं. मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी नणंद मध्ये तोंड घालणार, हे तिला ठाऊक होतं ना! योगिनीनेच चोरून फोन केला.

“आत्या, मले अजून पाळी आली नाही, पण दर महिन्याले पोट लय दुखते. आई दवाखान्यात नेतच नाही, त्या शेलूबाजारच्या महाराजाकडं घेऊन चालली.”

मी पोचले तेव्हा महाराजांची टकळी सुरू होती. “बाहेरच्या हवेनं पदर धरला, बाप्पा! गाठ पडली गाठ! डॉक्टरची सुई लागली तं जनमभर सुटत नाही!”

त्याने योगिनीच्या मांडीवर हळद चोळलेला पिवळाधमक पदर पसरला. त्याचा चेला उकंडराव, आमच्याच गावचा हळदवाला, लोटा घेऊन पुढे झाला. महाराजाने तीर्थ शिंपडलं आणि पदरावर लालभडक डाग उमटले.

“आला! पदर आला!”

बायका रडायला लागल्या. वहिनी तर त्याच्या पायांवर पडली. योगिनी मात्र घामाघूम होऊन कण्हत होती. तिच्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

माझं डोकंच फिरलं. “उकंडराव, तो लोटा द्या इकडं.”

“बाहेरच्या हातानं तीर्थ बाटते, मॅडम.”

“राहू द्या मंग. चुना हाय का?”

तंबाखूचा चुना मागितला की आमच्याकडे वैऱ्यालाही कुणी नाही म्हणत नाही. त्याने सवयीने खिशातली डबी पुढे केली. मी बाटलीतल्या पाण्यात चुना टाकला, खळखळून हलवला आणि सरळ त्याच्या धोतरावर ओतला. हळद शिजवण्याचे दिवस, धोतर गुडघ्यापर्यंत पिवळं झालेलं. बघता बघता ते लालेलाल झालं.

“या गं बायांनो! उकंडरावांना पदर आला! भरा ओटी!”

तेवढ्यात मागून एक म्हातारी फसकन हसली. “अवं, हळदीचं लुगडं साबणानं धुतलं तं असंच लाल होते!”

“मंग इथं काहून नाही आठवलं, माय? हळदीले चुना लागला का ती लाल होते. त्या लोट्यात चुन्याचं निवळलेलं पाणी हाय, दुसरं काही नाही.”

“कोप होईल तुह्यावर!” महाराज ओरडला.

“होऊ दे! आधी ते तीर्थ दोन घोट पिऊन दाखव!”

प्यायला नाही मेला. चपला तिथेच टाकून जीपकडे पळाला. वहिनी त्या पदराकडे बघत राहिली.

“ताई, पदर आला म्हणे, तं पोरगी काहून कण्हून राह्यली?”

“हेच तुले आधी सुचायला पाह्यजे होतं! चाल, उठव तिले.”

आम्ही तशाच वाशिमला गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं. पाळीचं रक्त बाहेर येण्याच्या वाटेवर जन्मापासूनच पातळ पडदा होता. पाळी येत होती, पण रक्त आत साचत होतं. छोटं ऑपरेशन झालं आणि पोरगी बरी झाली.

“म्हंजे पदर आलाच होता?” वहिनी पुटपुटली.

“मी सांगत होती ना, आई,” योगिनी म्हणाली, “दर महिन्याले दुखते म्हणून.” वहिनीला ढसाढसा रडू फुटलं.

बायांनो, बहुतेक मुलींना दहा ते पंधरा या वयात पाळी येते, बारा-तेराच्या सुमाराला जास्त. थोडं मागेपुढे झालं तर त्यात कसली बाहेरची हवा नसते. पण पंधरावं सरलं तरी आली नाही, तेरापर्यंत छाती वाढायला लागली नाही, किंवा आठच्या आतच मुलगी वयात येऊ लागली, तर डॉक्टरला दाखवा. पाळी दिसत नाही आणि महिन्याच्या महिन्याला पोट दुखतं, तर वयाची वाट बघू नका, उठा आणि जा. हळद भाजीत घाला. आणि पोरगी दुखतं म्हणाली, तर आधी तिचं ऐका.